पाण्यातला राजवाडा आणि झाकलेलं ताट



गेल्या महिन्यात सूनबाईंनी आमच्या दोघांचा एक फोटो महिला मंडळाच्या ग्रुपवर टाकला. मागे पांढराशुभ्र महाल, चारी बाजूंनी पाणी आणि मी नेहमीच्या सुती साडीत. तेव्हापासून एकच प्रश्न येतोय, "ताई, तुमचं तर परिग्रह-परिमाण व्रत, मग तुम्ही राजवाड्यात कशा?" प्रश्न रास्त आहे. थोडक्यात उत्तर देता येत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्या लग्नाला या डिसेंबरात चाळीस वर्षं झाली. पुण्याच्या मुलाने आम्हाला न विचारता उदयपूरच्या पिछोला तलावातल्या जगनिवास बेटावरच्या हॉटेलात दोन रात्रींचं बुकिंग केलं. लेक पॅलेस म्हणून ते जगभर प्रसिद्ध आहे. मी भाडं विचारलं. तो सांगेना. मी शेजारच्या मुलीकडून मोबाइलवर बघून घेतलं आणि माझं डोकंच फिरलं. तो आकडा इथे लिहीत नाही, लिहायला हात वळत नाही.

त्याच रात्री त्याला फोन केला. म्हटलं, "एवढ्या पैशात दोन मुलींचं वर्षाचं शिक्षण होतं. तुझ्या वडिलांनी चाळीस वर्षं पै-पै जोडली ती अशी उधळायला का? आणि माझं व्रत आहे, ते तरी आठवायचं होतंस." तो एवढंच म्हणाला, "बरं आई. पण आता पैसे परत मिळणार नाहीत." आणि फोन ठेवला. पुढचे पंधरा दिवस तो माझ्याशी कामापुरतं बोलला.

इथे एक कबुली देते. माझं व्रत साड्या, दागिने, भांडी, घर यांच्या मर्यादेचं आहे. 2019 च्या महापुरानंतर आर्यिका माताजींसमोर मी ते घेतलं. मुलाने दिलेल्या दोन दिवसांच्या मुक्कामाने ते मोडत नव्हतं, हे मला ठाऊक होतं. पण रागात हाताशी आलं ते मी ढालीसारखं पुढे केलं.

त्या पुराबद्दल सांगलीच्या मैत्रिणींना वेगळं सांगायला नको. आमचं मारुती रोडचं कापड दुकान, सणासुदीचा माल नुकताच भरलेला. कृष्णामाई चढत गेली आणि पाणी दुकानाच्या माळ्याला लागलं. पाणी ओसरल्यावर ह्यांनी शटर उघडलं तेव्हा साड्यांचे गठ्ठे चिखलाचे झाले होते. हे काही बोलले नाहीत. बाहेर पायरीवर बसून राहिले. तेव्हापासून हे नदीवर गेलेले नाहीत. पूर्वी रोज पहाटे आयर्विन पुलापर्यंत फिरायला जायचे, ते कायमचं बंद झालं. पावसाळ्यात टीव्हीवर धरणाच्या विसर्गाची बातमी लागली की उठून आत जातात.

म्हणून उदयपूरला धक्क्यावर होडीत पाय टाकताना माझ्या पोटात गोळा आला. त्या महालात जायला होडीशिवाय वाटच नाही. मी मनात णमोकार म्हणत ह्यांच्या तोंडाकडे बघत होते. ह्यांनी दांडी घट्ट धरली होती आणि नजर पाण्यावर न टाकता समोरच्या महालावर ठेवली होती.

होडीवाला बोलका होता. त्याने सांगितलं की हा तलाव माणसांनी बांधलेला आहे. चौदाव्या शतकात एका बंजाऱ्याने बांध घातला असं इथे मानतात, पुढे महाराणा उदयसिंहांनी तो वाढवला. 2000 नंतरच्या दुष्काळात तलाव आटला होता, तेव्हा ह्याच महालापर्यंत लोक चालत जायचे, असंही तो म्हणाला. मला एकदम काहीतरी वाटलं. आमच्याकडे पाणी आलं आणि वैभव गेलं. इथे पाणी गेलं आणि हा संगमरवर नुसता मातीत उभा राहिला. दोन्हीकडे माणसाच्या हातात काही नव्हतं.

हा महाल मेवाडचे महाराणा जगतसिंह दुसरे यांनी 1743 ते 1746 या काळात बांधला. त्याची एक गोष्ट तिथे सांगतात. तलावात जगमंदिर नावाचं आणखी एक बेट आहे. जगतसिंह राजपुत्र असताना त्यांना तिथे मौजेसाठी जायचं होतं. वडील महाराणा संग्रामसिंह म्हणाले, एवढी हौस असेल तर स्वतःचा महाल बांध. मुलाने तो खरंच बांधला. 1963 मध्ये महाराणा भगवतसिंहांनी त्याचं हॉटेल केलं आणि 1971 पासून ताज समूह ते चालवतो. ही बापलेकाची गोष्ट ऐकताना मला आमच्याच घरातला फोन आठवला. मुलाला टोचून बोलायला पालकांना किती थोडा वेळ लागतो!

दारात आमच्यावर गुलाबाच्या पाकळ्या उधळल्या. तुमच्यासारखंच माझ्याही मनात आलं, किती फुलं तोडली असतील! खोलीतला टब बघून तर मी ह्यांना आधीच सांगितलं की आपण बादलीच मागायची. मागितली, आणि लगेच मिळाली.

आता जेवणाचं, कारण निम्म्या जणींनी तेच विचारलंय. मी चिवडा, खाकरे, दशम्या आणि पाण्याचं गाळणं बरोबर नेलं होतं. पण उदयपुरात जैन जेवण समजावून सांगावं लागत नाही. मेवाडात आपला समाज मोठा आहे. महाराणा प्रतापांच्या पडत्या काळात ज्यांनी स्वतःचं धन पुढे केलं ते भामाशाह जैनच होते. मी "कंदमूळ नाही" म्हणायच्या आत वाढणाऱ्या मुलाने विचारलं, "सूर्यास्ताच्या आधी ना?" डिसेंबरात तिथे पावणेसहाला सूर्य मावळतो, म्हणून पावणेपाचला पान मांडायचं ठरलं. राजस्थानी स्वयंपाक आपल्याला सोयीचा पडतो. गट्ट्याची भाजी, कैर-सांगरी, पापडाची भाजी, मूगडाळीचा हलवा, यांत कांदा-बटाट्याची गरजच नसते. पाणी उकळलेलं मागून घ्यायचं. भांडी वेगळी ठेवतो असं आचाऱ्याने स्वतः येऊन सांगितलं आणि मी विश्वास ठेवला. पण तिथे सामिषही शिजतं. ज्यांचा बाहेरचं न खाण्याचा नियम आहे त्यांनी आपला डबाच न्यावा.

पावणेपाचला आम्ही दोघं पाण्याच्या कडेला जेवायला बसलो. मी बाविसाव्या वर्षापासून रात्री जेवत नाही. हे दुकानातून नऊला येतात. चाळीस वर्षं मी ह्यांचं ताट वाढून, झाकून ठेवते आणि सामायिकाला किंवा स्वाध्यायाला बसते. हे येतात, हात धुतात, झाकण काढतात आणि एकटे जेवतात. दुपारचा डबा दुकानात जातो. आमच्या घरात हे इतकं रुळलेलं की त्यात काही आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं.

ह्यांनी पहिला घास घेतला आणि म्हणाले, "गरम आहे."

मी म्हटलं, "अहो, मग हॉटेलात काय गार वाढतील?"

हे हसले. म्हणाले, "तसं नव्हे. समोर कुणी बसलेलं असताना गरम जेवायची सवय गेली माझी. मुलं होती तोवर ती तरी जागी असायची."

तक्रारीचा सूर नव्हता, म्हणूनच मला ते जास्त लागलं. चाळीस वर्षांत ह्यांनी एकदाही "आज थांब" म्हटलं नाही. माझा नियम पाळला गेला त्यात ह्यांचं एकट्याचं जेवण होतं, आणि प्रवचनात, मंडळात, या लेखांतसुद्धा मी तो फक्त माझा नियम म्हणून मिरवत आले. तत्त्वार्थसूत्रात परिग्रह म्हणजे वस्तू नव्हे, मूर्च्छा, असं सांगितलंय. ते मी इतर बायकांना शिकवलंय. पण साड्या पंचवीसवर आणल्या आणि "मी किती कडक" हा गठ्ठा तसाच बांधून ठेवला, तो मोजलाच नाही.

जेवण झाल्यावर उरलेल्या उजेडात होडीने जगमंदिराला चक्कर मारली. शहाजहान राजपुत्र असताना वडील जहांगीर बादशहाविरुद्ध बंड करून निघाला, तेव्हा मेवाडच्या महाराणांनी त्याला ह्या बेटावर आसरा दिला होता. 1857 मध्ये महाराणा स्वरूपसिंहांनी युरोपीय कुटुंबांना इथेच ठेवून घेतलं. आपण आहार, औषध, शास्त्र आणि अभय अशी चार दानं सांगतो. अभयदान कसं देतात हे मला नेहमी अवघड वाटायचं. इथे एका बेटाने ते केलं होतं.

परतताना सूर्य डोंगरामागे गेला. मी ह्यांच्याकडे बघितलं तर हे दांडी सोडून पाण्याकडे बघत होते. बराच वेळ. मग म्हणाले, "शांत आहे गं हे पाणी."

खोलीत आल्यावर सामायिकाला बसले, पण मन लागेना. उठून मुलाला फोन लावला. क्षमावाणीला अजून नऊ महिने होते, तेवढं थांबायचं नव्हतं. म्हटलं, "मी तुला फार बोलले. कशासाठी करतोयस हे न विचारता बोलले. मला क्षमा कर."

तो थोडा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आई, पुरानंतर अण्णा पाण्याकडे बघत नाहीत. मला वाटलं, एकदा त्यांनी चांगलं पाणी बघावं. चारी बाजूंनी. आधी सांगितलं असतं तर अण्णा आलेच नसते."

मला बोलताच आलं नाही. हे पलीकडे खिडकीत बसले होते. मी फोन ह्यांच्या हातात दिला. दोघं काय बोलले ते मी ऐकलं नाही, बाहेर जाऊन उभी राहिले.

तिसऱ्या दिवशी केसरियाजीला गेलो. उदयपूरपासून साधारण 65 किलोमीटर. काळ्या पाषाणाचे ऋषभदेव, दिगंबर, श्वेतांबर, वैष्णव आणि भिल्ल बांधव सगळेच माथा टेकतात. भगवंतांसमोर उभी असताना त्यांचे पुत्र भरत चक्रवर्ती आठवले. त्यांच्या वैभवावर शंका घेणाऱ्याच्या हाती तेलाने काठोकाठ भरलेला वाडगा देऊन त्यांनी नगरात फिरवलं, ती कथा तुम्हा सगळ्यांना पाठ आहे. आजवर मला वाटायचं, मी तो वाडगा न सांडता चालतेय. पण वाडगा सांभाळण्याच्या नादात बरोबर कोण चालतंय हे मी बघितलंच नव्हतं.

आता महाल योग्य की अयोग्य, हे मी सांगणार नाही. मी स्वतःहून पुन्हा जाणार नाही, एवढं नक्की. मुलाने खर्च केला तेवढी रक्कम आम्ही दोघं हप्त्याहप्त्याने औषधदानात घालणार आहोत. हा दंड म्हणून नाही, आनंद झाला म्हणून. मुलाला अजून सांगितलेलं नाही.

आणि घरात एक बदल झालाय. मंगळवारी आणि शनिवारी दुकान नोकरमाणसावर सोपवून हे पाचला घरी येतात. आम्ही समोरासमोर बसून जेवतो. परवा भाकरी तव्यावरून थेट ह्यांच्या ताटात वाढली तर म्हणाले, "बाई, पोळली जीभ." बाकीचे पाच दिवस ताट झाकलेलंच असतं, पण हे येईपर्यंत मी स्वाध्याय आवरून घेते आणि समोर पाटावर बसते. मी खात नाही, नुसती बसते.

गेल्या रविवारी पहाटे हे चप्पल घालून निघाले. "कुठे?" विचारलं तर म्हणाले, "पुलापर्यंत जाऊन येतो."

तुमच्या घरातही एखादं झाकलेलं ताट असेल तर मला जरूर कळवा. उदयपूरच्या जैन जेवणाबद्दल आणखी काही विचारायचं असेल तर तेही विचारा.

जय जिनेंद्र.