काटा कुणाचा?

कृत्रिम बुद्धिमत्तेने काय करावे आणि काय करू नये, याचे नियम आज बहुतांशी ती बुद्धिमत्ता बनवून विकणाऱ्या कंपन्याच लिहितात. 2016 मध्ये अ‍ॅमेझॉन, फेसबुक, गूगल, आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट यांनी मिळून ‘पार्टनरशिप ऑन एआय’ ही संस्था उभी केली. जून 2018 मध्ये गूगलने स्वतःची तत्त्वे जाहीर केली. ओपनएआय, अँथ्रॉपिक अशा नव्या कंपन्यांनीही आपापल्या सनदा काढल्या. या मजकुरांची भाषा सहसा चांगली असते. न्याय, पारदर्शकता, मानवी हित हे शब्द सगळीकडे सापडतात. तरीही लोकांचा विश्वास बसत नाही. त्यांना तंत्रज्ञान कळत नाही म्हणून ते घाबरतात, असे त्यावर सांगितले जाते. हे स्पष्टीकरण किती तोकडे आहे ते धाराशिव जिल्ह्यात दिसते, कारण तिथला अविश्वास यंत्र न पाहिलेल्यांचा नाही. वजन, मोजमाप आणि निकष दुसऱ्याच्या हातात गेले की काय होते, हे अनुभवलेल्यांचा तो आहे.

ढोकीच्या तेरणा कारखान्यापासून रांजणीच्या नॅचरल शुगरपर्यंत उसाचा हा पट्टा. ऊसपट्ट्यात ‘काटामारी’ हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. गाडी कारखान्याच्या काट्यावर चढते, घेणाराच वजन करतो आणि त्या वजनावर देणाऱ्याचा पैसा ठरतो. प्रत्येक काटा खोटा असतो असे अर्थातच नाही, आणि तसे शेतकरीही म्हणत नाहीत. त्यांचे म्हणणे इतकेच असते की काट्याची खात्री कारखान्याच्या शब्दावर सोडू नये. म्हणून वैधमापन विभागाचा शिक्का आला, भरारी पथके आली. बाहेरच्या काट्यावर वजन करून आणलेला ऊस कारखान्याने नाकारू नये, ही मागणीही शेतकरी संघटना हंगामामागून हंगाम लावून धरत आल्या. ‘आम्ही प्रामाणिक वजनाला बांधील आहोत’ अशी पाटी गेटवर लावल्याने हा प्रश्न सुटला असता, असे एकाही संघटनेला वाटले नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नीतीवर लिहिणाऱ्या बऱ्याच तज्ज्ञांना मात्र अशा पाटीचे फार कौतुक असते.

जिल्ह्याचा दुसरा अनुभव अधिक अलीकडचा आणि अधिक नेमका आहे. 2020 च्या ऑक्टोबरमध्ये, सोयाबीन काढणीला आलेले असताना, अतिवृष्टी झाली. उभे पीक पाण्यात गेले. काढून लावलेल्या बनिमी (गंजी) भिजल्या, शेंगांना कोंब फुटले. पंतप्रधान पीक विमा योजनेखाली तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव, जिल्ह्याचे काम बजाज अलियान्झ जनरल इन्शुरन्स या कंपनीकडे होते. अशा नुकसानीची पूर्वसूचना 72 तासांच्या आत द्यावी, अशी योजनेची अट होती. सूचना अ‍ॅपवरून, टोल फ्री क्रमांकावर किंवा कार्यालयात देता येई. कागदावर ही अट अवाजवी दिसत नाही. पण पूर आलेल्या शिवारात वीज नसते, मोबाइलला रेंज नसते, तालुक्याचा रस्ता तुटलेला असतो; त्या वर्षी वर करोनाचे निर्बंधही होते. मुदतीत सूचना आली नाही, या कारणावर लाखो शेतकरी भरपाईबाहेर राहिले.

प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात गेले. मे 2022 मध्ये खंडपीठाने सुमारे साडेतीन लाख शेतकऱ्यांना हेक्टरी 18,000 रुपयांप्रमाणे भरपाई द्यावी, असा आदेश कंपनीला दिला आणि कंपनीने न दिल्यास ती राज्य सरकारने द्यावी, असेही सांगितले. कंपनी सर्वोच्च न्यायालयात गेली. तिथे त्याच वर्षी तिला 200 कोटी रुपये भरायला सांगितले गेले. रक्कम, हप्ते, उरलेली देणी यांवरून पुढे जिल्ह्यात बरेच राजकारण झाले, पण या विषयापुरते महत्त्वाचे आहे ते वेगळेच.

शेतकऱ्यांना उभे राहता आले ते दुसऱ्या नोंदीमुळे. कंपनीकडे सूचनांची यादी होती. महसूल आणि कृषी खात्याकडे अतिवृष्टीचे पंचनामे होते, तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी सहायक यांनी बांधावर जाऊन केलेले. या पंचनाम्यांतही चुका असतात, गावकी असते, कधी एका कोपऱ्यात बसून सगळ्या गटांची नोंद होते. तरी तो कागद कंपनीच्या मालकीचा नव्हता. तो नसता तर न्यायालयापुढे फक्त अ‍ॅपची नोंद उरली असती, आणि त्या नोंदीत सूचना न देणाऱ्याचे नुकसानच झालेले नव्हते.

कंपन्यांच्या नीतिशास्त्राविषयी जगभर जी शंका घेतली जाते तिचा गाभा इथेच आहे. गूगलने 26 मार्च 2019 रोजी बाहेरच्या आठ जणांची नीतिविषयक सल्लागार परिषद जाहीर केली. सदस्यांच्या निवडीवर कंपनीच्याच हजारो कर्मचाऱ्यांनी आक्षेप घेतला आणि 4 एप्रिलला परिषद गुंडाळली गेली. तिला अधिकार नव्हते, त्यामुळे ती गेल्याने कंपनीच्या एकाही निर्णयात फरक पडला नाही. पुढच्या वर्षी डिसेंबरमध्ये टिमनिट गेब्रू या संशोधिकेला गूगल सोडावे लागले. मोठ्या भाषा-प्रारूपांच्या धोक्यांवरचा एक शोधनिबंध वादाच्या मुळाशी होता. तिने राजीनामा दिला असे कंपनीचे म्हणणे, काढून टाकले असे तिचे. शस्त्रांसाठी आणि आंतरराष्ट्रीय संकेत मोडणाऱ्या पाळतीसाठी कृत्रिम बुद्धिमत्ता बनवणार नाही, हे 2018 चे वचन फेब्रुवारी 2025 मध्ये गूगलच्या तत्त्वांतून वगळले गेले. ते वगळताना कुणाची परवानगी लागली नाही, कारण देतानाही कुणाशी करार झालेला नव्हता.

सरकारी समिती नेमली की हा दोष आपोआप जातो, असेही नाही. युरोपीय आयोगाने 2018 मध्ये 52 जणांचा तज्ज्ञगट नेमला. त्यातले जर्मन तत्त्वज्ञ थॉमस मेट्झिंगर यांनी 2019 मध्ये जाहीरपणे लिहिले की गटात उद्योगांचे प्राबल्य होते, नीतिशास्त्राचे अभ्यासक मोजके होते, आणि ओलांडू नयेत अशा सीमारेषा मसुद्यातून पुसल्या गेल्या. युरोपने नंतर कायदाच केला आणि तो ऑगस्ट 2024 मध्ये अमलात आला. भारताने नोव्हेंबर 2025 च्या मार्गदर्शक तत्त्वांत वेगळा कायदा न करता चालू कायद्यांवर आणि कंपन्यांच्या स्वेच्छेवर भिस्त ठेवली. नव्या तंत्रज्ञानाला घाईने जखडू नये, हा त्यामागचा युक्तिवाद पोकळ नाही. काट्याला शिक्का लागतो, मग पीक मोजणाऱ्या प्रारूपाला का नको, याचे उत्तर मात्र त्यात मिळत नाही.

आणि पीक मोजणारे प्रारूप आता आलेलेच आहे. पीक विम्याची भरपाई महसूल मंडळाच्या उंबरठा उत्पादनाशी प्रत्यक्ष उत्पादनाची तुलना करून ठरते. ते प्रत्यक्ष उत्पादन वर्षानुवर्षे पीक कापणी प्रयोगातून काढले जाई: ठरावीक मापाचा तुकडा आखायचा, कापायचा, मळायचा, तोलायचा. 2023 च्या खरिपापासून केंद्राने भात आणि गहू यांसाठी ‘यस-टेक’ ही पद्धत आणली. उपग्रहाच्या प्रतिमा, हवामानाची आकडेवारी, पीकवाढीची आणि यंत्र-शिक्षणाची प्रारूपे यांवरून उत्पादनाचा अंदाज काढायचा आणि अंतिम आकड्यात त्याला किमान 30 टक्के वजन द्यायचे, अशी ती पद्धत. 2024 च्या खरिपात तिच्यात सोयाबीन आले. धाराशिवच्या खरिपाचे मुख्य पीक तेच.

या बदलाला कारणेही होती. कापणी प्रयोगात दबाव येतो, आकडे फिरवले जातात, ही तक्रार शेतकरी आणि कंपन्या दोघेही करतात. शेतकऱ्याला एक रुपयात विमा मिळे त्या काळात राज्यात सरकारी जमिनींवर आणि पीकच नसलेल्या रानांवर विमा उतरवल्याची प्रकरणे उघडी पडली. ती पकडायला आकाशातला डोळा उपयोगीच आहे. पण या डोळ्याला काय दिसत नाही, हेही 2020 च्या ऑक्टोबरवरून ताडता येते. पीक हिरवे, दाट, वेळेवर पिकलेले. रान वेळेवर मोकळे झालेले. इथवर प्रतिमा सांगेल. त्याच रानाच्या कडेला भिजून कोंबाळलेली बनीम उत्पादनाच्या अंदाजात येत नाही. असे नुकसान कशात धरायचे, हे प्रारूप लिहिणाऱ्याने आधीच ठरवलेले असते. तो निर्णय तांत्रिक दिसतो; प्रत्यक्षात कुणाचे नुकसान नुकसान म्हणायचे, याचा तो निवाडा असतो.

2025 च्या खरिपापासून महाराष्ट्रात एक रुपयाची सवलत गेली. शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा खरिपाला दोन टक्के झाला. वैयक्तिक पूर्वसूचनेवर मिळणारी भरपाईही बंद होऊन सगळा भार मंडळाच्या उत्पादनावर आला. 72 तासांची कटकट संपली आणि तिच्याबरोबर एकट्या शेतकऱ्याची तक्रारही. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये परंडा आणि भूम तालुक्यांत पुराने गावे वेढली, मातीसकट राने वाहून गेली. मंडळाची सरासरी ठरवताना वाहून गेलेले रान आणि माळावरचे वाचलेले रान एकाच आकड्यात बसते.

योजनेच्या नियमांनुसार उत्पादनाच्या आकड्यावर विमा कंपनीला आक्षेप घेता येतो. तो राज्याच्या तांत्रिक सल्लागार समितीकडे आणि तिथून केंद्राच्या समितीकडे जातो. शेतकऱ्यासाठी तालुका पातळीपासून तक्रार निवारण समित्या आहेत. जिल्ह्याच्या समितीचे अध्यक्ष जिल्हाधिकारी असतात. या समितीपुढे पंचनामा ठेवता येतो, पावसाची मंडळनिहाय नोंद ठेवता येते, फोटो ठेवता येतो. प्रारूपाने दिलेल्या आकड्याला उत्तर द्यायचे तर कोणत्या तारखांच्या प्रतिमा घेतल्या, ढगांचे दिवस कसे भरून काढले, त्या मंडळातल्या किती कापणी प्रयोगांवर प्रारूप पारखले आणि ते किती चुकले, हे कागद समितीच्या टेबलावर यावे लागतील, आणि ते मराठीत असावे लागतील. ते काढण्याचे काम तंत्रज्ञान पुरवणाऱ्या संस्थेचे, ते मागण्याचा अधिकार सरकारचा. जून 2025 मध्ये मंजूर झालेल्या ‘महाअ‍ॅग्री-एआय’ धोरणात पहिल्या तीन वर्षांसाठी 500 कोटी रुपयांची तरतूद आहे. अशा पडताळणीचा खर्च त्यापुढे किरकोळ ठरावा.