वेलांटीचा हात

गुरुवारी सकाळी शाळेच्या व्हरांड्यात फ्लेक्सची गुंडाळी सोडली आणि तो वास आला. नव्या रबरी चपलांचा असतो तसा, घशाशी बसणारा. आमच्याकडे केंद्राची शिक्षण परिषद होती. पाहुणे यायच्या आत फ्लेक्स फाटकावर बांधायचा म्हणून आम्ही दोघी सुतळी ओढत होतो. खिचडी शिजवणाऱ्या मावशी पदराला हात पुसत बाहेर आल्या, खालून वर बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "मॅडम, शिक्षणाची वेलांटी पुढं गेली ना हो."

तिथे छापलं होतं, 'शक्षिण परषिद'. मी ते तोवर दोनदा वाचलं होतं आणि दोन्ही वेळा बरोबर वाचलं होतं.

असं का होतं ते मला ठाऊक आहे. युनिकोडमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या नंतर साठवली जाते आणि दिसते मात्र अक्षराच्या आधी. ही अदलाबदल जुन्या सॉफ्टवेअरला जमत नाही. मोबाइलवरचा मजकूर त्यात उतरवला, की वेलांटी आपलं अक्षर सोडून पुढच्यावर जाऊन बसते. कारण एवढंच. पण कारण कळलं म्हणून माझं मन शांत झालं नाही. वेलांटी मला मायने शिकवली होती आणि मायला वाचता येत नव्हतं.

१९८८ मध्ये राष्ट्रीय साक्षरता मिशन सुरू झालं आणि पुढच्या काही वर्षांत ते साखरखेर्ड्यात आमच्या गल्लीपर्यंत आलं. आमच्या घराची रस्त्याकडची भिंत पेंटरकाकांनी घोषणेसाठी मागून घेतली. गेरूत बुडवलेल्या सुताचं एक टोक त्यांनी माझ्या हातात दिलं. ताणलेलं सूत ते मधोमध चिमटीत धरून सोडायचे, की भिंतीवर ताठ तांबडी रेघ उमटायची. ते सांगायचे, मराठी अक्षर तीन मजली असतं. वर वेलांट्या आणि मात्रा, मध्ये अक्षर, खाली उकार. वरच्या मजल्याला जागा सोडली नाही, तर दोन ओळी एकमेकींच्या उरावर बसतात. टर्पेंटाइनचा वास त्यांच्या सदऱ्यालाच असायचा.

घोषणेचा शेवटचा शब्द होता 'शिका'.

दिवाळीआधी माय भिंती पोतारायची. पांढरी माती भिजवून, फडक्याने. त्या वर्षी ती अक्षरांपाशी थांबली. मग फडक्याचं टोक बोटावर गुंडाळून एकेका अक्षराच्या कडेकडेने फिरली, रोपाभोवती आळं करावं तशी. "माय, कामून एवढा वेळ?" मी विचारलं. तिने 'शि'वर बोट ठेवलं. "हे पाय. ही बाई आपल्या लेकरावर हात धरून उभी हाये. तिच्या हातावर पोतारा कसा घालू?"

वेलांटी खरोखरच तशी असते. डावीकडे उभी राहते आणि वरून वाकून अक्षराच्या डोक्यावर हात धरते.

पुढे दरवर्षी पोतारा थोडा थोडा आत सरकत गेला. कितीही जपलं तरी बोट जाडच. मात्रा गेल्या, काने बारीक झाले. डी.एड.ला असताना सुट्टीत घरी आले, तेव्हा 'शि' तेवढं शाबूत होतं. त्या वर्षी पाठासाठी मी कार्डशीटवर पंधरा तक्ते केले. समास चार बोटं, पांढऱ्यावर पिवळं लिहायचं नाही, शेवटच्या बाकावरून दिसेल एवढं अक्षर. प्रत्येक तक्त्यावर वेलांटी मी सगळ्यात शेवटी काढायचे, श्वास रोखून.

पुसलं जाण्यावरून मला आमच्या गावाच्या नावाची गोष्ट आठवतेच. ऑक्टोबर १७२४ मध्ये आमच्या गावाजवळ निजामुल्मुल्क आणि मुबारिझखान यांची लढाई झाली. पहिले बाजीराव निजामाच्या बाजूने होते. मुबारिझखान मारला गेला, दख्खनवर निजामाची पकड बसली आणि विजयाची खूण म्हणून गावाचं नाव फत्तेखेर्डा ठेवलं गेलं. इंग्रजांच्या गॅझेटिअरांतही ते नाव सापडतं. मायला मी हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "आपण तर साखरखेर्डाच म्हनतो." नाव पुसलं जायला मधे कुणाची तरी जीभ थांबावी लागते. ती थांबली नाही.

साखरेचं नाव असलेल्या गावाच्या शिवारातून दिवाळीनंतर माणसं ऊसतोडीला जातात. गुरुवारच्या परिषदेसाठी मला पोस्टर करायचं होतं ते याच विषयावर: हंगामी स्थलांतर आणि हजेरी. माझ्या वर्गात चोवीस मुलं आहेत. त्यातली पाच आता जातील. व्हिएन्नात १९२५ मध्ये ऑटो नॉयराथ यांनी लोकांना आकडे चित्रांतून कळावेत म्हणून एक संग्रहालय उभारलं. त्यांचा एक नियम मी मानते: संख्या वाढली तर चित्र मोठं करायचं नाही, तेवढ्याच आकाराची चित्रं वाढवायची. आपल्या गणिताच्या पुस्तकातला चित्रालेखही असाच असतो. म्हणून मी चोवीस मुलं सारख्याच उंचीची काढली. पण जाणारी पाच कशी दाखवायची? फिकी केली तर ती कमी महत्त्वाची वाटतात. गाळली तर हजेरीपत्रकात आणि माझ्यात फरक काय? रात्री बऱ्याच उशिरा मी त्या पाचांच्या डावीकडे एकेक उभी रेघ काढली आणि ती वरून वाकवली. हात आपोआप गेला. मूल शाळा सोडत नसतं, ते डोक्यावरच्या हाताबरोबर जातं. ते इथे राहायचं तर तो हात इथे लागतो: आजीचा, हंगामी वसतिगृहातल्या कुणाचा, नाहीतर माझा. पोस्टरवर मला एवढंच म्हणायचं होतं.

आणि फाटकावरच्या फ्लेक्सवर आमचे, मोठ्यांचे, बारा फोटो. मूल एकही नाही. त्याचा राग मला आहे आणि तो मी सोडणार नाही.

तो फ्लेक्स मी उतरवून घेतला. खिडक्या रंगवून उरलेला पांढरा ऑइल पेंट होता, लाल डबी होती. चुकलेल्या वेलांट्यांवर पांढरा फिरवला. सूत धरायला सातवीतली एक मुलगी उभी होती. मग लाल ब्रशने 'श'च्या डावीकडे दांडा ओढला आणि वरून वाकवला. पुढच्या शब्दात 'र'वर. टर्पेंटाइनचा वास आला आणि क्षणभर भिंत, गेरू, मायचं फडक्यातलं बोट सगळं जवळ आलं. ती भिंत घरकुलाच्या वेळी पडली. माय त्याच्या आधीच गेली.

संध्याकाळी परिषद उठल्यावर मावशींनी फ्लेक्स मागितला. शेतात सोयाबीनची सुडी उघडी होती आणि आभाळ भरून आलं होतं. मी म्हटलं, न्या, पण रंग ओला आहे, घडी घालू नका. त्यांनी तो सैल गुंडाळला, अक्षरं बाहेरच्या बाजूला ठेवून.

"सुडीवर कशी टाकू?" त्यांनी विचारलं. "अक्षरं वर का खाली?"

"वर," मी म्हटलं.