आज स्टॉपरला कोण?

बालमित्रांनो, कोल्हापूर म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर काय येतं? अंबाबाईचं देऊळ, रंकाळा तलाव, करकर वाजणारी चप्पल, गुळाच्या ढेपा. तुमच्या आई-बाबांच्या डोळ्यांसमोर बहुतेक तांबडा-पांढरा रस्सा येईल! कुस्ती तर येईलच येईल. पण याच गावाला आणखी एक वेड आहे, फुटबॉलचं. आपल्याकडे बाकी गावांत गल्लीबोळात बॅट-बॉल दिसतो. कोल्हापूरच्या शिवाजी पेठेत किंवा मंगळवार पेठेत संध्याकाळी चक्कर मारा. दोन विटांचा गोल मांडून पोरं अनवाणी खेळताना दिसतील, आणि बाजूच्या कट्ट्यावर बसलेले आजोबा त्यांना ओरडून सांगत असतील, "आरं, समदीच काय पुढं पळताय? मागं कोण हाय?"

हे 'मागं कोण हाय' फार महत्त्वाचं बरं का! आजची सगळी गोष्ट त्याचीच आहे.

माझं आजोळ कोल्हापूरचं. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिथे मुद्दाम गेले ती सामना पाहायला. खरं सांगायचं तर सामन्यापेक्षा सामन्यावरून होणारे वाद ऐकायला. मामा म्हणाले, "मग सामन्याच्या दोन तास आधीच चल. खरा सामना कट्ट्यावर असतोय."

बिंदू चौकातून आम्ही मिरजकर तिकटीकडे चालत निघालो. तिकटी म्हणजे तीन रस्ते जिथे मिळतात ती जागा. इथून जवळच खासबागेचं कुस्ती मैदान आहे. राजर्षी शाहू महाराजांनी बांधलेलं हे मैदान १९१२ साली सुरू झालं. मधे तांबड्या मातीचा आखाडा आणि भोवती चढत गेलेली बसायची जागा. कुठेही बसा, पैलवान दिसतोच. शाहू महाराजांनी कुस्तीला आश्रय दिला आणि पेठापेठांत तालमी गजबजल्या. पुढे याच तालमींनी फुटबॉलचे संघ उभे केले. म्हणून इथल्या संघांची नावं ऐकून बाहेरचा माणूस गोंधळतो: पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार तालीम, बालगोपाल तालीम. शिवाय शिवाजी तरुण मंडळ आहे, प्रॅक्टिस क्लब आहे. तालमीच्या नावाने फुटबॉल खेळणारं दुसरं गाव तुम्हाला माहीत असेल तर मला जरूर कळवा.

आता संघ तालमीचा म्हणजे पेठेचा. पेठेचा म्हणजे घरचा. मैदानावर खेळणारा बॅक हा कुणाचा तरी भाचा असतो, कुणाचा तरी वर्गमित्र असतो. म्हणून वाद रंगतो आणि म्हणूनच तो कधीकधी झोंबतोही.

आम्ही पोचलो तेव्हा कट्टा भरला होता. पानपट्टीवाले आण्णा, एस.टी.तून निवृत्त झालेले कंडक्टर आबा, कॉलेजची चार-पाच पोरं आणि दहावीची परीक्षा देऊन मोकळा झालेला माझा मामेभाऊ. (संघाचं नाव मी सांगणार नाही. सांगितलं तर पुढच्या खेपेला मला तिथे चहा मिळायचा नाही.)

"आज स्टॉपरला कोण?" आबांनी विचारलं.

"कोण म्हंजे? तो बाहेरचाच की."

"आणि आपलं पोरगं?"

"बसवलंय बाकावर."

"कोचचं डोकं ठिकाणावर हाय न्हवं?"

झालं! ठिणगी पडली. स्टॉपर म्हणजे बचाव फळीतला मधला खेळाडू, गोलकीपरच्या अगदी पुढचा. कोल्हापूरचे काही संघ अलीकडच्या काळात परराज्यांतून आणि परदेशांतूनही खेळाडू आणतात. आफ्रिकेतून आलेले खेळाडूही इथे खेळले आहेत. या संघाचा स्टॉपर नायजेरियाचा होता. चांगला सहा फुटांच्या वर उंची, आणि स्वभावाने शांत. पेठेतली लहान मुलं त्याच्या मागे मागे फिरत. त्याच्यामुळे बाकावर बसला होता तो पेठेतलाच एक एकोणीस वर्षांचा मुलगा.

आण्णांचं म्हणणं, "उंची पायजे तिथं. कॉर्नर आला की डोकं कुणाचं पोचणार?" आबांचं म्हणणं, "उंचीनं डिफेन्स होत असता तर नारळाची झाडं उभी केली असती! शेजारचा बॅक काय ओरडतोय ते कळाया नको?" हा मुद्दा मला पटला. बचाव करणाऱ्यांना सतत एकमेकांशी बोलावं लागतं, आणि ते बोलणं क्षणात कळावं लागतं. पण आण्णांचा कॉर्नरचा मुद्दाही खोटा नव्हता. चहाचे दोन फेरे झाले तरी निकाल लागला नाही.

मुलांनो, तुम्ही आट्यापाट्या खेळला आहात का? पाटी धरून उभा राहणारा गडी किती कठीण काम करत असतो! तो फक्त आपल्या रेषेवर सरकतो. त्याने एक पाऊल चुकीचं टाकलं की चढाई करणारा निसटलाच. फुटबॉलमधली बचाव फळी जवळपास तशीच असते. फक्त इथे पाटी मैदानावर आखलेली नसते, ती चौघांनी मिळून मनात धरायची असते. चौघे एकदम पुढे सरकले तर विरोधी संघाचा पुढचा खेळाडू ऑफसाइड होतो. तिघे सरकले आणि एक मागे राहिला, की त्या एकामुळे तो ऑनसाइड! मग गॅलरीतले हजारो लोक त्या एकाच्या नावाने ओरडतात.

चार वाजता राजर्षी शाहू स्टेडियमवर सामना सुरू झाला. ऊन रणरणत होतं. पायऱ्या तापलेल्या, हलगी-ताशा दोन्ही बाजूंनी चाललेला. पहिल्या अर्ध्यात आपल्या (बघा, मीही 'आपल्या' म्हणायला लागले!) संघाने एक गोल केला. नायजेरियाचा स्टॉपर छान खेळत होता. तो पळत फारसा नव्हताच. चेंडू कुठे येणार ते ओळखून आधीच तिथे जाऊन उभा राहत होता. आबासुद्धा मान डोलवायला लागले.

शेवटची वीस मिनिटं उरली आणि कोचने बदल केला. पुढे खेळणारा एकुलता एक स्ट्रायकर बाहेर, आणि बाकावरचा तो मुलगा आत. आता मागे दोनऐवजी तीन स्टॉपर. अर्ध्या गॅलरीने शिट्ट्या वाजवल्या, कारण पेठेचं पोरगं उतरलं. उरलेल्यांनी कपाळाला हात लावला.

"लावली कडी!" आण्णा म्हणाले. "आता वीस मिनिटं आपल्याच दारात मार खायचा."

"अहो, पण बॅक वाढला म्हणजे बचाव भक्कमच होणार ना?" मी विचारलं. उत्तर मामेभावाने दिलं. "ताई, आपला स्ट्रायकर पुढं होता तोवर त्याला राखायला त्यांचे दोन बॅक मागं थांबत होते. आता ते कशाला थांबतील? तेबी वर येणार."

अगदी तसंच झालं. समोरच्या संघाचे बॅक मध्यरेषा ओलांडून आले. चेंडू आमच्या अर्ध्यातून बाहेर जाईना. एक कॉर्नर, दुसरा कॉर्नर, तिसरा. तिसऱ्या कॉर्नरला नवा मुलगा आणि जुना बॅक दोघेही एकाच माणसाला धरायला धावले. दुसरा मोकळा राहिला, त्याने डोकं लावलं आणि चेंडू जाळ्यात. १-१.

मग गॅलरीतून जे शब्द आले ते मी इथे लिहू शकत नाही. माझ्या मागच्या रांगेतला एक तरुण उभा राहून त्या मुलाला आईवरून बोलत होता. तेव्हा आबा उठले. त्यांचा आवाज तीस वर्षं एस.टी.त घुमलेला. ते म्हणाले, "त्याची आई आपल्या पलीकडच्या गल्लीत ऱ्हाती. उद्या दूध आणाया जाशील तवा तिच्या तोंडाकडं बघशील का रं?" तो तरुण खाली बसला. पण गॅलरी मोठी होती आणि आबा एकटे. मैदानावरच्या त्या मुलाने मान वर केली नाही. त्याच्या कानावर सगळं पडत असणार, सीमारेषा गॅलरीपासून असून असून किती दूर असते?

पालकांनो, हे मी मुद्दाम लिहिलं आहे. या वेडाची ही दुसरी बाजूही कोल्हापूरने पाहिली आहे. समर्थकांची हुल्लडबाजी झाली, सामने थांबवावे लागले, पोलीस बंदोबस्तात खेळ झाला. गावातल्या जुन्या माणसांना त्याचं वाईट वाटतं.

सामना टायब्रेकरवर गेला आणि गोलकीपरने दोन फटके अडवून जिंकून दिला. गुलाल उधळला. सगळे गोलकीपरच्या अंगावर पडले होते, तेव्हा तो मुलगा मधल्या वर्तुळाजवळ एकटाच उभा होता. नायजेरियाचा स्टॉपर तिथे गेला आणि काही न बोलता त्याच्या खांद्यावर हात टाकून त्याला घोळक्याकडे घेऊन आला.

तुम्हाला वाटेल, जिंकले, वाद संपला. छे! खासबागेतली भेळ खाऊन आम्ही कट्ट्यावर परतलो तर आण्णा हातवारे करून सांगत होते, "जिंकलो म्हणून चुकीचं बरोबर होत न्हाई!"

मग गाडी थेट कतारला गेली. १८ डिसेंबर २०२२, विश्वचषकाचा अंतिम सामना. अर्जेंटिना फ्रान्सविरुद्ध २-० ने पुढे, आणि प्रशिक्षक स्कालोनी यांनी ६४व्या मिनिटाला डी मारियाला बाहेर काढून आक्युन्या हा बचावाचा खेळाडू उतरवला. ८०व्या आणि ८१व्या मिनिटाला एम्बापेचे दोन गोल! पुढे ३-३ होऊन पेनल्टीवर अर्जेंटिना ४-२ ने जिंकली, पण आण्णांचा राग अजून गेलेला नाही, आणि आण्णा अर्जेंटिनाचेच बरं का! विश्वचषक आला की कोल्हापूरच्या पेठा ब्राझील आणि अर्जेंटिना यांच्यात वाटल्या जातात. झेंडे लागतात, खेळाडूंचे मोठाले फलक लागतात.

आबा ब्राझीलचे. त्यांना डिवचायचं असेल तर एवढंच म्हणायचं: '२०१४'. ८ जुलैचा उपांत्य सामना, बेलो होरिझोंते शहरात. आपल्याकडे तेव्हा रात्रीचा दीड वाजला होता. दोन पिवळ्या कार्डांमुळे कर्णधार थियागो सिल्व्हा बाहेर, त्याच्या जागी दान्ते. जर्मनीने २३व्या ते २९व्या मिनिटात चार गोल घातले आणि शेवटी ७-१. "नेमार जखमी होता म्हणून हरले," पोरांपैकी एकजण म्हणाला. आबा उसळले. "नेमार काय मागं येऊन गोल अडवणार हुता? स्टॉपर न्हवता! आणि जो हुता तो डेव्हिड लुईझ जागा सोडून पुढं पळत हुता!" मला वाटतं, यात आबांचं बरोबर आहे. हल्ला करणारा एक कमी झाला तर गोल कमी होतात. पण एकमेकांच्या सवयीच्या दोन स्टॉपरांतला एक गेला की दुसराही निम्मा होतो.

आण्णांच्या 'कडी'वरून मी त्यांना एक गंमत सांगितली. इटलीत १९६०च्या दशकात बचावाची एक पद्धत गाजली, तिचं नाव कातेनाच्चो. त्या इटालियन शब्दाचा अर्थच दाराची कडी किंवा अडसर! बचाव फळीच्याही मागे एक जादा माणूस ठेवायचा, निसटेल त्याला पकडायला. प्रशिक्षक हेरेरा यांच्या इंटर मिलान संघाने ही कडी लावून १९६४ आणि १९६५ साली युरोपातल्या विजेत्या क्लबांची स्पर्धा जिंकली. आण्णा एकदम खूश. "बघा, आमचा शब्द इटलीला गेला!"

"आणि कडी न लावल्यामुळं काय झालं, तेबी सांग," मामा आबांकडे बघत म्हणाले. १९८२. ब्राझीलला इटलीशी नुसती बरोबरी पुरली असती. २-२ झालंही होतं. पण ब्राझील हल्ला करतच राहिलं, पाओलो रोस्सीने तिसरा गोल केला आणि ब्राझील स्पर्धेबाहेर. आबांनी तो सामना पाहिला नव्हता, पेपरात वाचला होता. तरी ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "हरले, पण अजून त्यांचंच नाव निघतंय." आण्णांनी सुपारी कातरता कातरता मान हलवली. पटलं म्हणून की नाही पटलं म्हणून, कोण जाणे.

कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ साली भारतात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. तोही आघाडीचा खेळाडू. म्हणून पेठेतल्या पोरांना विचारा, सगळ्यांना गोलच मारायचा असतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दूध आणायला गेले, तर गल्लीत पोरांचा खेळ सुरू होता आणि भिंतीला टेकून कालचा तो मुलगा उभा होता, हातात दुधाची किटली. पोरांनी त्याला ओढलंच. "दादा, तू आमच्यात!" त्याने किटली पायरीवर ठेवली आणि विचारलं, "मागं कोण उभारतंय?" कुणीच हात वर करेना. शेवटी एक शेंबडं पोर, असेल दुसरीतलं, पुढे आलं. त्याला त्याने गोलाच्या विटांसमोर नेऊन उभं केलं आणि दोन्ही खांदे धरून जरासं वळवलं, चेंडूकडे नव्हे, चेंडू आणि माणूस दोन्ही दिसतील असं.

तुम्हाला जायचं असेल तर हिवाळ्यापासून पाऊस सुरू होईपर्यंतच्या दिवसांत जा, इथल्या स्पर्धा त्याच काळात होतात. टोपी आणि पाण्याची बाटली न्या. सामन्याच्या दोन तास आधी कुठल्याही तालमीच्या कट्ट्यावर थांबा आणि विचारा, "आज स्टॉपरला कोण?" बसायला जागा आपोआप होईल.