गोचीड, पण कुठला?

आमच्या बालपणी कोल्हापुरातल्या घरामागे दोन म्हशी असत. त्यांच्या कानांमागचे, कासेजवळचे गोचीड वेचून रॉकेलच्या डब्यात टाकण्याचे काम आम्हा भावंडांकडे असे. बारीक असो वा टपोरा, तांबूस असो वा करडा, आमच्या लेखी सारे गोचीडच. त्यांना निराळी नावे असतील, हे मनातही आले नव्हते.

पुढे एका पशुवैद्यांनी एरंडाचे बी आमच्या तळहातावर ठेवले. रक्त पिऊन फुगलेला गोचीडच जणू! लॅटिनमध्ये 'रिसिनस' म्हणजे गोचीड. त्या साम्यामुळेच एरंडाला ते शास्त्रीय नाव मिळाले. गुरांवर सर्रास आढळणाऱ्या गोचिडाला तेव्हा 'बूफिलस मायक्रोप्लस' म्हणत. बूफिलस म्हणजे बैलांवर प्रेम करणारा! पुढे जनुकांची तुलना झाली, तो कुत्र्यावरच्या गोचिडाचा भाऊबंद निघाला आणि २००३ मध्ये त्याची प्रजाती 'ऱ्हिपिसेफॅलस'मध्ये विलीन झाली. गोचीड होता तसाच राहिला. चूक सुधारली ती माणसाने.

हा सारा शब्दांचा खेळ, असे आम्ही समजत होतो. २०१६ साली सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यात माकडतापाची साथ आली. तिथल्या मावसभावाने काजूच्या बागेत अंगावर बारीक गोचीड चढल्याचे फोनवर सांगितले, तेव्हा "गोचीडच ना?" म्हणून आम्ही हसलो. पाचव्या दिवशी तो तापाने फणफणला. तो वाचला, आमचे ते हसू मात्र आम्हांला अजून टोचते.

हा ताप १९५७ मध्ये शिमोगा जिल्ह्यातल्या क्यासनूर जंगलात प्रथम आढळला. आधी माकडे मरत, मग माणसे आजारी पडत. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राच्या शास्त्रज्ञांनी गोचीड गोळा केले, जातवार निवडले, तपासले. मुख्य वाहक ठरला 'हीमाफायसॅलिस स्पिनिजेरा', म्हणजे काटे धारण करणारा. त्याची बारीक पिल्ले माकडांना आणि माणसांना चावतात. मोठा झालेला गोचीड गुरांवर पोसतो. हे नाव १८९७ पासून नोंदलेले होते, म्हणूनच साठ वर्षांनी त्याला नेमके ओळखता आले.

उत्पत्तीच्या पुस्तकात पहिला मानव प्राण्यांना नावे देतो. ते काम अजून संपलेले नाही. नातवंडे कुत्र्याच्या कानातला गोचीड दाखवू लागली, की आम्ही आता हसत नाही, आधी विचारतो, "कुठला?"