भाव सांगताना

"किती द्यायचे?" हा प्रश्न मी अकरा वर्षं टाळला.

दसरा झाला की आमच्या डोंबिवलीच्या दोन खोल्यांत भाजणीचा वास भरून राहायचा. चकलीची ही भाजणी सासूबाईंची. चार वाट्या तांदळाला दोन वाट्या चणाडाळ, एक वाटी मूगडाळ, अर्धी वाटी उडीदडाळ, मूठभर पोहे, धणे-जिरे. तांदूळ धुऊन सावलीत वाळवायचे. प्रत्येक जिन्नस वेगळा भाजायचा, कारण उडीदडाळ गुलाबी होईपर्यंत पोहे करपून जातात. गिरणीत गव्हावर दळू द्यायचं नाही. आधी इमारतीतल्या दोघी-तिघींनी मागितली, मग त्यांच्या बहिणींनी, मग बहिणींच्या शेजारणींनी. आणि दर वेळी दारात तोच प्रश्न. माझं उत्तर ठरलेलं असे, "अहो, घरचंच तर आहे. द्या काय द्यायचं ते."

हा माझा मोठेपणा आहे, असं मला खरंच वाटत होतं. पंगतीत वाढताना हात आखडायचा नाही, हे शिकत आपण मोठ्या झालो. दारी आलेल्याला जेवू घालणं हे पुण्य. अशा संस्कारात वाढलेल्या बाईची जीभ अन्नाचा भाव सांगताना अडखळते, आणि त्या अडखळण्याबद्दल मला आजही आदर आहे. पण माझ्या गप्प बसण्यात दुसरंही काही होतं, ते उशिरा उमगलं. मी आकडा सांगितला आणि समोरची "एवढे?" म्हणाली, तर? तर तागडीत भाजणी नसणार, मी असणार. आकडाच सांगितला नाही, तर कुणी मला कमी लेखूही शकत नव्हतं. तो आडोसा मला ऊबदार वाटत होता.

एका लक्ष्मीपूजनाला घरात नवी वही पुजली. पूजेनंतर, दिवे मंद झाल्यावर, तिच्या पहिल्या पानावर मी त्या हंगामाचा हिशोब मांडला. डाळी, तांदूळ, गॅस, दळणावळ, पिशव्या. आलेले पैसे दुसऱ्या बाजूला. उरले ते इतके थोडे की मी बेरीज दोनदा तपासली. मग मी एवढे दिवस पहाटेपासून कढईशी उभी होते, ते कुठल्या रकान्यात लिहायचं, हे सुचेना. डाळीला भाव होता, गॅसला होता, पिशवीलासुद्धा होता. माझ्या हातांना नव्हता.

त्या दिवसांत मला लिज्जत पापडच्या बायका वेगळ्या दिसू लागल्या. 15 मार्च 1959 रोजी गिरगावातल्या एका गच्चीवर सात जणी पापड लाटायला बसल्या, पहिल्या दिवशी चार पाकिटं झाली, ही गोष्ट आपल्याला पाठ असते. मला आता त्यातला वेगळाच तपशील धरून ठेवत होता. त्यांचं भांडवल 80 रुपये होतं आणि ते उसने घेतलेले होते. मदत म्हणून देणगी घ्यायची नाही, हे त्यांनी पक्कं केलं होतं. त्यांना वाट दाखवणारे छगनलाल पारेख, म्हणजे छगनबाप्पा, यांचा आग्रह दोन गोष्टींचा होता: दर्जा एकच ठेवा आणि हिशोब चोख ठेवा. गिरणगावातल्या खानावळवाल्या बायकांनी तर पिढ्यान्‌पिढ्या गिरणी कामगारांना जेवू घातलं, तेही बऱ्याचदा उधारीवर. 1975 मध्ये प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं आणि या बायकांना सावकाराच्या दाराऐवजी बँकेचं दार दाखवलं. या साऱ्या जणी अन्नच विकत होत्या. त्यांच्या पुण्याला त्यामुळे कुठे उणेपणा आला?

पुढच्या वर्षी मी वजनकाटा आणला. अन्न सुरक्षेची नोंदणी केली, चौदा अंकी क्रमांक मिळाला. पिशवीवर घटक, वजन, तयार केल्याची तारीख, चौकोनातला हिरवा ठिपका हे सगळं छापायला दिलं. छापखान्यातल्या मुलाने शेवटी विचारलं, "किंमत?" तिथे "द्या काय द्यायचं ते" छापता येत नाही. माझ्या दिवसांची मजुरी धरून काढलेला आकडा मी सांगितला. आवाज कापला, पण सांगितला.

दिवाळीआधी एका सभागृहातल्या प्रदर्शनात टेबल घेतलं. पहिली दुपार मी मान खाली घालून पिशव्या सरळ करण्यात घालवली. एक बाई आल्या, वास घेतला, भाव विचारला आणि म्हणाल्या, "फार होतात. कमी करा ना." अकरा वर्षांची सवय ओठांपर्यंत आली. मी म्हटलं, "नाही हो ताई, एवढेच पडतात." त्या निघून गेल्या आणि परत आल्या नाहीत. मी त्या जागीच उभी होते. माझं काही गेलं नव्हतं.

तिथून काम वाढलं, हे खरं. पण वाढीचा अर्थ मला पिशव्यांच्या संख्येतून कळला नाही. आता दोघी जणी मदतीला येतात. पूर्वी कुणाला बोलवायचं झालं, तर मी म्हणायची, "जरा हात लाव गं," आणि जाताना हातावर काहीतरी ठेवायची. स्वतःच्या श्रमाचा रकाना कोरा ठेवणारी बाई दुसरीचाही कोराच ठेवते, आणि त्यालाही ती मायाच समजते. माझा भाव मोकळेपणी सांगता येऊ लागला, तेव्हा कुठे त्यांचा विचारण्याचं बळ आलं.

गेल्या हंगामात त्यातली एक निवडलेल्या डाळीचं ताट बाजूला ठेवून म्हणाली, "ताई, निवडायचा भाव वेगळा आणि भाजायचा वेगळा. आचेशी उभं राहावं लागतं." तिचा आवाज जरा कापला. तो कापणारा आवाज मी ओळखला. "बरोबर आहे," मी म्हटलं, आणि वही उघडून तिच्या नावापुढे दुसरा रकाना आखला.