कर्नल पडला ते बरंच झालं

शनिवारी सकाळी चहा झाल्यावर लगेच कामाला लागलो. काम तसं छोटंच होतं. घरच्या जुन्या डेस्कटॉपचा सर्व्हर करून ठेवलाय, त्यात तीन नव्या डिस्क बसवायच्या, त्यांचा सॉफ्टवेअर रेड करायचा आणि घरातले सगळे फोटो त्यावर हलवायचे. जेवायच्या आत आटपेल असं बायकोला सांगितलं होतं. (आमच्या धंद्यातले अंदाज असेच असतात!)

रेड म्हणजे काय हे माहीत नसलेल्यांसाठी थोडक्यात. १९८८ साली बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि कॅट्झ या तिघांनी एक पेपर लिहिला. एका मोठ्या महागड्या डिस्कऐवजी स्वस्तातल्या बऱ्याच डिस्क एकत्र बांधा आणि एखादी मेली तरी निभावेल इतकी जादा माहिती ठेवा, असा त्याचा मथितार्थ. रेड ५ मध्ये ही जादा माहिती एक्सऑरने काढतात. तीन डिस्क असल्या की दोन तुकड्यांचा एक्सऑर तिसरीवर. कुठलीही एक गेली तरी उरलेल्या दोघींवरून तिच्यावरचं सगळं परत मिळतं. लिनक्समध्ये यासाठी वेगळं कार्ड लागत नाही, कर्नलच हे काम करतो.

तर कमांड दिली, अ‍ॅरे तयार झाला आणि मागे पहिलं सिंक सुरू झालं. चार टक्के झाले आणि स्क्रीन गोठली. कर्नल पॅनिक. रीसेट करून पुन्हा केलं, दोन टक्क्यांवर गेला. तिसऱ्यांदा नऊ टक्के.

आता संशयाची सुई फिरायला लागली. आधी कर्नलवर, कारण नुकताच अपडेट केला होता. जुन्या कर्नलवर बूट केलं, तोही पडला. मग केबल बदलल्या. मग वाटलं, तीन डिस्क एकदम राबतायत, पॉवर सप्लाय दमत असेल. दुसरा जोडून पाहिला. ढिम्म फरक नाही. लॉग बघावा तर लॉगमध्ये काहीच नाही. साहजिक आहे म्हणा, कर्नलच आडवा झाल्यावर डिस्कवर लिहिणार कोण? शेवटी नेटकन्सोल लावला. त्यात कर्नलचे निरोप नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनला जातात, म्हणजे मरतानाचे शेवटचे शब्द लॅपटॉपवर वाचता येतात.

ते वाचले आणि ट्यूब पेटली. पहिल्या वेळी रेडच्या कोडमध्ये पडला होता, दुसऱ्या वेळी नेटवर्क ड्रायव्हरमध्ये, तिसऱ्या वेळी भलत्याच, डिस्कशी काडीचा संबंध नसलेल्या जागी. बग असेल तर साधारणपणे तो त्याच खड्ड्यात पडतो. दरवेळी नव्या जागी पडायला लागला की समजावं, खालची जमीनच हलतेय.

रात्री मेमटेस्ट लावून झोपलो. सकाळी स्क्रीन लाल! लिहिलेला आकडा आणि वाचलेला आकडा यात फरक फक्त एका बिटाचा. तीन महिन्यांपूर्वी स्वस्तात मिळाली म्हणून आणलेली सेकंडहँड रॅमची स्टिक. ती काढली. सिंक सुरळीत चाललं, शंभर टक्के.

गोष्ट इथे संपायला हवी होती. बायकोला मोठ्या ऐटीत सगळं समजावून सांगितलं. तिने शांतपणे विचारलं, "म्हणजे तीन महिने हे असंच चालू होतं? आणि फोटो तू कधी कॉपी केलेस?"

फोटो दोन महिन्यांपूर्वी केले होते.

फाइल या डिस्कवरून त्या डिस्कवर थेट उडी मारत नाही, आधी रॅममध्ये येते. तिथे एखादा बिट उलटला तर उलटलेलाच पुढे लिहिला जातो. कोणी तक्रार करत नाही, कॉपी यशस्वी. खराब जागेत कर्नलचा स्वतःचा पॉइंटर आला तर तो कोसळतो. तिथे माझा फोटो आला तर काहीच होत नाही, फोटो फक्त बिघडतो. आणि रेडही इथे काही करू शकत नाही, तो बिघडलेल्या फोटोचा एक्सऑरही इमानदारीत काढून ठेवेल. मोठ्या सर्व्हरमध्ये ईसीसी रॅम असते, ती एका बिटाची चूक पकडून दुरुस्त करते. माझ्या डेस्कटॉपमध्ये कुठली असायला?

रविवार चेकसम काढण्यात गेला. बहुतेक फोटोंच्या मूळ प्रती जुन्या लॅपटॉपवर होत्या. अकरा हजारांत नऊ जुळल्या नाहीत, त्या पुन्हा आणल्या. पण एका मेमरी कार्डवरचे चारशे फोटो कॉपी करून मी कार्ड पुसून टाकलं होतं. आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाचे. ते एकेक उघडून डोळ्यांनी पाहिले. दोन बिघडले होते. जेपेगमध्ये एक बिट चुकला की त्याच्या पुढचं चित्र सरकत जातं. एका फोटोत ओवाळणाऱ्या बायका दिसतात आणि त्यांच्या खाली, जिथे आजी बसली होती, तिथे नुसते जांभळे-हिरवे पट्टे.

आजी आता नाही.

आईला फोन केला. "अरे, तो होय? तेव्हा मावशीला पाठवला होतास की," म्हणाली. मावशीच्या फोनवर व्हॉट्सअ‍ॅपवरची बारकी प्रत निघाली. मोठी केली तर डाग पडतात, पण आजी आहे. दुसरा फोटो कोणाकडेच नाही.

तर मंडळी, नवी-जुनी कुठलीही रॅम लावली की एक रात्र मेमटेस्ट चालवा. मूळ प्रत पुसण्याआधी चेकसम जुळवा. आणि रेड केला म्हणून बॅकअपला सुट्टी देऊ नका. शनिवारी त्या कर्नलला मी बऱ्याच शिव्या घातल्या होत्या. तो पडला नसता तर उरलेली कार्डंही मी अशीच पुसली असती.

असो. मावशीकडच्या फोटोची प्रिंट काढायला टाकलीय.