काउझचा किनारा, वेग आणि नानांचा कणा

साउथॅम्प्टनच्या धक्क्यावरून सुटणारी वेगवान प्रवासी बोट आपल्याला अर्ध्या तासाच्या आत वाइट बेटावरच्या काउझ गावी नेऊन सोडते. गाव मदीना नदीच्या मुखाशी दोन्ही तीरांवर वसलेले आहे आणि या तीरावरून त्या तीरावर जाण्यासाठी साखळ्यांवर ओढली जाणारी एक तराफावजा फेरीबोट आजही चालते. वेगवान बोटींच्या शर्यतींसाठी जगभर ओळखल्या जाणाऱ्या या गावाच्या बंदरात मात्र कोणत्याही बोटीला ताशी सहा नॉट, म्हणजे सुमारे अकरा किलोमीटरहून जास्त वेगाने जाता येत नाही. ही वेगमर्यादा वाचून माझे सासरे, नाना, मोठ्याने हसले.

नानांचे वय त्या वेळी एक्याऐंशी. माझगाव गोदीत इंजिन फिटर म्हणून त्यांनी उभी हयात काढली. माझी नणंद साउथॅम्प्टनला राहते; तिच्याकडे जायचे ठरले तेव्हा नानांनी एकच इच्छा सांगितली होती, की काउझ ते टॉर्के ही मोटरबोटींची शर्यत डोळ्यांनी पाहायची. ऑगस्ट सरत आला होता, योगही जुळला. त्यांच्या सामानात इन्हेलर, रक्तदाबाच्या गोळ्या आणि अस्थिघनता तपासणीचा अहवाल होता. दम्यासाठी वर्षानुवर्षे घ्याव्या लागलेल्या स्टिरॉइडच्या गोळ्यांनी त्यांची हाडे विरळ झाली होती. हाडांची झीज हा बायकांचाच आजार, असे समजणाऱ्या वाचकांनी हे अवश्य लक्षात घ्यावे.

आदल्या दिवशी आम्ही पूर्व काउझमधला ऑस्बोर्न हाउस हा राणी व्हिक्टोरियाचा वाडा पाहिला. तिथला दरबार हॉल भाई रामसिंग या पंजाबी कारागिराच्या देखरेखीखाली सजला आहे. 1901 साली राणी याच वाड्यात वारली आणि पुढे वाड्याचा काही भाग आजारातून उठणाऱ्या लष्करी अधिकाऱ्यांच्या विश्रांतीसाठी वापरला गेला. समुद्राची हवा, हिरवळ आणि संथ चाल यांनी माणूस बरा होतो, यावर तेव्हाच्या डॉक्टरांचा विश्वास होता. माझाही आहे.

शर्यतीच्या सकाळी प्रिन्सेस ग्रीन या किनाऱ्यावरच्या हिरवळीवर आम्ही घडीच्या खुर्च्या मांडल्या. वाऱ्याला धार होती. नानांच्या कानटोपीखालचे श्रवणयंत्र मी काढून डबीत ठेवले, कारण वारा आणि इंजिने मिळून त्यात नुसती घरघर होते. बोटी एका रांगेत हळूहळू पुढे आल्या, निशाण झाले आणि पाण्यावर पांढऱ्या रेघा ओढीत सगळ्या पश्चिमेकडे सुटल्या. छातीच्या फासळ्यांना जाणवेल असा तो आवाज होता. नाना उठून उभे राहिले. पाच-सात मिनिटांत क्षितिजावर तुषारही उरले नाहीत.

“एवढंच?” नानांनी विचारले.

एवढेच. बोटी टॉर्केला जाऊन परत येणार, म्हणजे जाऊन-येऊन दोनशेच्या आसपास सागरी मैल. मधली सगळी झुंज भर समुद्रात, कोणाच्याही नजरेपलीकडे. 1961 साली सर मॅक्स एटकिन यांनी ही शर्यत सुरू केली, ती अमेरिकेतल्या मायामी-नसाऊ शर्यतीवरून स्फूर्ती घेऊन. बोट भर समुद्रात टिकते का, हे पाहण्याचीच ती कसोटी होती. प्रेक्षकांचा विचार त्यात दुय्यम होता.

परतीची वाट पाहताना मी नानांना वाचून ठेवलेली हकिगत सांगितली. पूर्वीच्या बोटींचा तळ बराचसा सपाट असे. लाटेवरून उडालेली बोट पाण्यावर आपटली की फरशीवर पडल्यासारखा धक्का बसे. 1960 साली रेमंड हंट यांनी आखलेल्या खोल ‘व्ही’ आकाराच्या तळाच्या बोटीने मायामी-नसाऊ जिंकली आणि आराखड्यांचे जगच बदलले. असा तळ पाण्यात कुऱ्हाडीसारखा शिरतो. आपटण्याचा वेग तोच, पण थांबायला अधिक वेळ मिळतो, म्हणून धक्का सौम्य होतो. आपण उंचावरून उडी मारताना गुडघे वाकवतो ते याचसाठी. या घडणीत भर घालणाऱ्यांमध्ये रेनातो ‘सनी’ लेव्ही हे एक मोठे नाव. कराचीत जन्मलेल्या या इटालियन आरेखकाने पहिल्या बोटी आखल्या त्या मुंबईत, घरच्या कारखान्यात! 1963 साली काउझ-टॉर्के जिंकणारी ‘आ स्पेरान्झिएल्ला’ त्यांचीच. “मुंबईत?” नानांनी तीनदा विचारले आणि शेजारच्या इंग्रज गृहस्थांनाही ते ऐकवले.

माझ्यातल्या डॉक्टरला मात्र वेगळ्याच गोष्टीने धरून ठेवले होते. पूर्वीचे शर्यतपटू बोटीत बसत नसत. पाठीला आणि कुशींना गादीचा आधार घेऊन, गुडघे सैल ठेवून ते उभे राहत. पायांइतकी चांगली स्प्रिंग अजून कोणी बनवलेली नाही. धक्का घोटे, गुडघे, मांड्या पचवतात आणि कण्यापर्यंत थोडाच पोहोचतो. पण उभा माणूस बोट उलटली की बाहेर फेकला जातो, किंवा उघड्या बोटीत पाण्याचा मार त्याच्यावर बसतो. 3 ऑक्टोबर 1990 रोजी मोनॅकोजवळ विश्वविजेतेपद राखण्यासाठी उतरलेला स्तेफानो कासिरागी, मोनॅकोच्या राजकन्येचा पती, बोट उलटून गेला. वय अवघे तीस. त्यानंतर सर्वोच्च श्रेणीच्या बोटींना बंदिस्त कॉकपिट आणि पट्टे सक्तीचे झाले. आता शर्यतपटू आसनाला जखडलेले, डोक्यावर मजबूत छत, जवळ हवेची नळकांडी. शर्यतीआधी त्यांना पोहण्याच्या तलावात उलट्या पिंजऱ्यातून पट्टे सोडवून बाहेर येण्याची परीक्षा द्यावी लागते. आकाशात हेलिकॉप्टर, त्यात पाणबुडे.

हे सारे योग्यच. पण पाय स्प्रिंगचे काम करीनासे झाले. तो भार आसनाच्या गादीवर आणि कण्यावर आला. शिवाय छत आले तसा वेगही चढला. बड्या श्रेणीतल्या बोटी आज ताशी 250 किलोमीटरच्या आसपास धावतात. एवढ्या वेगात एकाने सुकाणू सांभाळायचे आणि दुसऱ्याने फक्त थ्रॉटल. बोट हवेत गेली की त्याने तत्क्षणी जोर कमी करायचा, नाहीतर पाण्याबाहेर आलेला पंखा बेफाम फिरून यंत्र फुटते. “म्हणजे एक पळवणारा, एक आवरणारा,” नाना म्हणाले. त्यांना ही वाटणी फार आवडली.

आणि प्रेक्षक? त्यांना दिसावे म्हणून शर्यत किनाऱ्याजवळ आणली, की तीच बोट तेच वळण पुन्हा पुन्हा घेते. फ्लोरिडातल्या की वेस्टला तशा फेऱ्यांच्या शर्यती होतात. बंदराच्या काठावर उभे राहून सगळे दिसते. तिथेच नोव्हेंबर 2011 मध्ये एकाच आठवड्याच्या शर्यतींत तीन शर्यतपटूंचा मृत्यू झाला. खुल्या समुद्रात लाटांचा मार, किनाऱ्याजवळ वळणे आणि गर्दी. काउझने लांबची शर्यत सोडली नाही, आणि मला ते बरे वाटते. पण नानांसारखा माणूस तिथे पाच मिनिटेच प्रेक्षक असतो, हेही खरे. परतलेल्या बोटी पाहायला आम्ही पुन्हा हिरवळीवर आलो, तेव्हा नाना खुर्चीतच झोपी गेले होते. त्यांना उठवले, तोवर पहिली बोट निघून गेली होती.

म्हणूनच दुसऱ्या दिवशी त्यांना खऱ्या वेगाची भूक लागली. बेटाच्या पश्चिम टोकाला ॲलम बे आहे, तिथल्या कड्यांना रंगीत वाळूचे पट्टे आहेत. खुर्च्यांच्या रोपवेने खाली उतरले की नीडल्स या खडूच्या सुळक्यांकडे जाणाऱ्या बोटी मिळतात. एक संथ, बाकांची. दुसरी फुगीर कडांची, लाटांवरून उड्या घेत जाणारी.

“सुनबाई, दुसरीची तिकिटं काढ.”

“नाना, नको.”

“मी काय काचेचा आहे?”

मी उत्तर दिले नाही, कारण माझ्या डोळ्यांपुढे दुसरेच कोणी होते. माझ्याकडे नेहमी येणाऱ्या बहात्तर वर्षांच्या एक बाई मुला-नातवंडांसह कोकणात गेल्या होत्या. किनाऱ्यावरच्या स्पीडबोटीत सर्वांनी त्यांना कौतुकाने अगदी पुढे बसवले. एका लाटेवर बोट आपटली आणि कंबरेत कळ आली. मुलाने मला फोन केला. लचक असेल म्हणून मी वेदनाशामक गोळी सांगितली. घरच्यांनी तीन आठवडे मालिशही केली. क्ष-किरण चित्र काढले तेव्हा पाठ आणि कंबर यांच्या सांध्यावरचा मणका पाचरीसारखा चेपलेला दिसला. त्या आता काठी घेऊन चालतात. फोनवर मी ‘पुढे बसला होता का’ एवढे जरी विचारले असते!

बोट आपटते तेव्हा तिचे नाक सर्वाधिक उचलले जाते आणि सर्वाधिक जोराने पडते. खाली येणारे शरीर आणि वर येणारे आसन यांच्या मध्ये सापडतो तो कणा. विरळ हाडाला एवढे पुरते, कधी त्याहूनही कमी. वयस्क माणसाला अशा प्रसंगानंतर पाठीत अचानक तीव्र वेदना झाली, ती उभे राहताना किंवा कूस बदलताना वाढत असेल आणि पडून राहिल्यावर निवळत असेल, तर लचक समजून चोळू नका. आधी चित्र काढून घ्या. पायांत मुंग्या वा अशक्तपणा आला, लघवी अडली किंवा ताबा सुटला, तर त्याच क्षणी रुग्णालय गाठा. बोटीतच असे घडले तर नावाड्याला वेग कमी करायला लावा, माणसाला आडवे करा, हात धरून ओढून बसवू नका.

हे सगळे मी नानांना धक्क्यावर उभ्या उभ्या सांगितले. त्यांनी त्या बाईंचे आता कसे आहे ते विचारले, मग बराच वेळ समुद्राकडे पाहत राहिले. “बरं. पण मागे, इंजिनाजवळ बसणार,” ते म्हणाले. संथ बोटीची तिकिटे निघाली.

इंजिनाची कुरबूर ऐकत नाना डोळे मिटून बसले होते. सुळके जवळ आले, टोकाशी 1859 सालचे दीपगृह. याच पाण्याच्या परिसरात 23 ऑगस्ट 1987 रोजी दिदिए पिरोनी आपल्या दोन साथीदारांसह गेला. फेरारीचा हा शर्यतपटू. 1982 साली हॉकेनहाइमला त्याचे दोन्ही पाय मोडले, मोटारीच्या शर्यती सुटल्या, म्हणून तो बोटींकडे वळला. एका तेलवाहू जहाजाने मागे टाकलेल्या लाटेवर त्याची बोट चढली आणि उलटली. पुढे काही महिन्यांनी त्याच्या जोडीदारीणीला जुळे मुलगे झाले. त्यांतला जील पुढे फॉर्म्युला वनमध्येच अभियंता झाला. नानांना हे सांगितले तर ते एवढेच म्हणाले, “त्याच्या आईनं जाऊ दिलं?”

तेवढ्यात फुगीर कडांची ती वेगवान बोट आमच्या बाजूने गेली. मुले किंचाळत होती. तिची लाट आमच्याकडे येताना दिसली तसे नाना उठले, दोन्ही हातांनी कठडा धरला, गुडघे किंचित वाकवले आणि वाट पाहत उभे राहिले. मी काही बोलले नाही; उठून त्यांच्या मागे जाऊन उभी राहिले.